पालथी वाटी

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेण वितळवत होते. फोन अनघाचा, तिच्या मुलीचा. "नीलामावशी, आई उठलीच नाही गं सकाळी," एवढंच ती बोलली. मी समोरचा स्पिरिटचा दिवा विझवला आणि शेजारच्या टेबलाकडे बघितलं. टेबल लख्ख पुसलेलं, ब्रश धुऊन आडवे ठेवलेले, आणि मधोमध तिची स्टीलची वाटी पालथी. आदल्या संध्याकाळी ती ठेवून गेली होती तशीच. मला रडू आलं नाही. "अगं, अशी कशी गेलीस तू?" असं मी त्या वाटीलाच विचारलं, चांगलं मोठ्याने, आणि सगळ्या मुली हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागल्या.

आम्ही दात बनवतो. मुलुंडला एका औद्योगिक इमारतीत पहिल्या मजल्यावर आमची लॅब आहे. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो आणि त्या जबड्यावर कवळ्या, कॅप, ब्रिज सगळं घडवतो. तुम्हाला डॉक्टरचं नाव ठाऊक असतं, दात कुणाच्या हातचा ते ठाऊक नसतं, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कुंदा परब आणि मी शेजारी-शेजारी बसून हेच करत आलो. माझ्याहून ती थोडी मोठी, थोडी काळी, आणि जिभेने पुष्कळच तिखट. त्या सकाळी आमचे मालक सामंतसर धावत आले, कुंदाच्या टेबलापाशी उभे राहिले, आणि डोळे पुसले. खरे पुसले, त्यात नाटक नव्हतं. मग वाटीकडे बोट करून म्हणाले, "बघ नीला, काम अर्धवट टाकून गेली बिचारी." तिथेच माझं डोकं फिरलं. पण मयताला जायचं होतं, आणि मयताच्या दिवशी कुणाशी भांडू नये एवढी अक्कल मला आहे.

दोन दिवस ती वाटी कुणी उचलेना. वाटीखाली जिची कवळी होती त्या घाटकोपरच्या आजी बिनदाताच्या बसून होत्या, त्यांच्या डॉक्टरांचे फोनवर फोन येत होते, आणि आमच्या मुली त्या टेबलाला वळसा घालून जात होत्या. प्रज्ञा म्हणून आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी आहे, तिला मी म्हटलं, "आण ती इकडे." तर म्हणाली, "ताई, मला भीती वाटते." "भीती कसली डोंबलाची? दात आहेत ते!" म्हणत मीच उठले आणि वाटी उचलली. खाली प्लास्टरच्या जबड्यावर गुलाबी मेण, त्यात पुढचे दात बसवून झालेले, आजूबाजूला मेणाचा एक थेंब सांडलेला नाही. आणि पुढे कुठून सुरू करायचं ते मला माहीत होतं. कारण रोज उठताना ती जे मोठ्याने बोलायची ते त्या संध्याकाळीही बोलली होती, "उद्या डाव्या सुळ्यापासून." मी डाव्या सुळ्यापासून सुरू केलं. कवळी पूर्ण झाली, डॉक्टरकडे गेली, आणि आता त्या आजी व्यवस्थित भाकरी खातात. यात अर्धवट काय राहिलं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. मी काही लिहिणारी बाई नाही. पण कुंदाचं तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी कांजूरमार्गला तिच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. सामंतसर बोलायला उठले. म्हणाले, कुंदाने कधी घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणाले, काम हाच तिचा देव, आणि कामातच तिने देह ठेवला. मग त्यांनी जाहीर केलं की लॅबमध्ये वर्षभर जो सगळ्यात जास्त वेळ थांबेल, कुठल्याच कामाला कधी नाही म्हणणार नाही, त्याला दरवर्षी 'कुंदा परब स्मृती कार्यनिष्ठा पुरस्कार' देण्यात येईल. पहिला पुरस्कार वर्धापनदिनी, अनघाच्या हस्ते. बायका मुसमुसायला लागल्या. अनघाने हात जोडले. मी खुर्चीत बसल्या बसल्या उकळत होते. घड्याळाकडे बघितलं नाही? अहो, अख्ख्या मुलुंडात घड्याळाकडे एवढ्या प्रेमाने बघणारी दुसरी बाई नव्हती! माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलं बोलावं, मान्य. पण त्याच्याबद्दल बोलावं ना. हे जे काय चाललं होतं ते दुसऱ्याच कुठल्या तरी बाईबद्दल होतं, आणि ती बाई मला अजिबात आवडली नसती.

खरं सांगायचं तर एके काळी कुंदा तशीच होती. म्हणून तर सगळं सांगायला हवं. तिचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कांजूरला येऊन राहिले. घरात कुणी तरी कमावलं पाहिजे म्हणून ही शेजारच्या एका माणसाच्या ओळखीने लॅबमध्ये प्लास्टर ओतायला लागली आणि बघता बघता कवळीत असा हात बसला की डॉक्टर नाव घेऊन काम पाठवायला लागले. पण त्या वेळी तिला दातांचं वेड लागलं होतं. रस्त्यात कुणी हसलं की हिची नजर तोंडात. भाजीवाला भाव सांगायचा आणि ही त्याच्या वाकड्या दाताकडे बघत उभी. अनघाचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा ती पोर मुठीत दात घेऊन नाचत आली, तर हिने तो उजेडात धरून काय म्हणावं? "किती सुंदर शेड आहे गं!" नवरा लवकर गेला, सासर नावापुरतं, मुलगी आजी-आजोबांकडे वाढत होती आणि ही घरी यायची ती निम्मी. अर्धं डोकं लॅबच्या टेबलावरच राहायचं. तेव्हा सामंतसरांनी पुरस्कार ठेवला असता तर तिलाच मिळाला असता, तेही लागोपाठ.

मग तिचे वडील आजारी पडले. त्यांची कवळी कुंदानेच केलेली, तिच्या हातची पहिली. शेवटी शेवटी ते फार आटले होते, हिरड्या बसल्या होत्या, त्यामुळे कवळी तोंडात हलायची. एका संध्याकाळी कुंदा लॅबमधून घरी आली तर त्यांनी तिला जवळ बोलावलं. तिचा हात धरला आणि बोलायला लागले. बऱ्याच दिवसांनी इतकं सलग बोलत होते, हळू आवाजात, थांबत थांबत. आणि कुंदा बघत होती ती खालची कवळी. डावीकडे उचलली जातेय, उजवीकडे टेकतेय, आतून जरा भर दिली तर बसेल... बोलून झाल्यावर ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "आयकलंस मां गो?" असं विचारलं त्यांनी. आणि ही म्हणाली, "बाबा, जरा आ करा बघू." त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि भिंतीकडे वळले. दुसऱ्या दिवशी गेले.

"बाबा काय बोलले ते मला माहीत नाही, नीला," हे तिने मला सांगितलं ते रडत नाही, दात-ओठ खात सांगितलं. "त्यांची कवळी कुठे हलत होती ते आजही काढून दाखवेन. पण ते काय बोलले ते नाही. आईला विचारलं, ती आत स्वयंपाकघरात होती, तिलाही ऐकू आलं नाही. आता ते कुणालाच माहीत नाही." मी तिच्यापुढे चहा सरकवला. तो थंड झाला तरी तिने घेतला नाही.

सुतक संपवून ती कामावर आली त्या दिवशी वाटी सुरू झाली. जेवणाच्या डब्यातली मोठी वाटी होती, दुसरं काही नाही. आधी तिने दिवा विझवला. ब्रश धुतले. ओल्या फडक्याने टेबल पुसलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग हातातल्या कामाकडे बघून, उद्या सकाळी पहिला हात कुठे लावायचा ते मोठ्याने बोलली, "उद्या वरच्या दाढेपासून." वाटी पालथी घातली, तिच्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "राहा इथेच. माझ्यामागे येऊ नकोस." झालं. एवढंच. ॲप्रन काढला, चपला घातल्या, निघाली. दुपारी जेवायला उठतानासुद्धा तेच. आम्ही हसून हसून बेजार. मी म्हटलं, "काय गं, जबड्याला अंगाई गातेस की काय?" तर फडकं माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "हस मेल्ये, हस. काम संपत नसतं. बसणं संपतं. आणि ते आपलं आपण संपवायचं असतं, सामंतसर येऊन संपवणार नाहीत." मी हसले खरी, पण पुढच्या आठवड्यात घरून येताना गुपचूप एक वाटी घेऊन आले. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

लोकांना वाटायचं हा नुसता हट्टीपणा आहे. तो होताच, आणि भरपूर होता. पण त्याला नियम होता. आधी सांगा, मी बसणं लांबवते, असं ती सरांना तोंडावर सांगायची. कितीदा तरी जास्त बसलीसुद्धा. पण एकदा वाटी पालथी पडली की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी उचलायची नाही. एकदा एक डॉक्टर स्वतः धावत आले. दुसऱ्या दिवशी लग्न असलेली नवरी मुलगी आणि तिचा पुढचा दात. कॅपचा रंग शेजारच्या दाताशी जमत नव्हता, जरा पिवळा दिसत होता. कुंदा चपला घालत होती. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांचं काम आहे. सर म्हणाले, कुंदा, अगं, मुलीचं लग्न आहे. मलासुद्धा वाटलं, करून टाक ना बाई, काय जातंय तुझं. ती डॉक्टरांना म्हणाली, "आता माझ्या डोळ्यांना पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतंय. आता हात लावला तर दात होईल, पण त्या मुलीचा होणार नाही. मुहूर्त कधीचा?" मुहूर्त दुपारचा होता. "मग सकाळी न्या," म्हणाली आणि खरोखर निघून गेली. डॉक्टर लालबुंद. सर माझ्यावरच ओरडले, जसं काही मी तिला जिन्यावरून ढकललं होतं. सकाळी मी पोचले तेव्हा कुंदा खिडकीपाशी उभी होती, कॅप सूर्याच्या उजेडात धरून. नवरीच्या लग्नाचा फोटो डॉक्टरांनी नंतर पाठवला. तोंडभर हसली होती. कॅप कुठली ते मलाही ओळखता आलं नाही.

याची किंमत तिने मोजली नाही असं नाही. पुढे मोबाईलवर लॅबचा ग्रुप निघाला आणि जेवायच्या वेळेला ताटाशेजारी लोकांच्या जबड्यांचे फोटो यायला लागले. हे उद्या पाहिजे, ते परवा पाहिजे, कोण करतंय? आम्ही सगळ्या 'हो' म्हणून अंगठ्याचं चित्र टाकायला एका पायावर तयार. कुंदाचं उत्तर सकाळी, ॲप्रन चढवल्यावर. "बघितलं. करते." सर चिडायचे, टोमणे मारायचे, काही जणांना लॅब म्हणजे सरकारी कचेरी वाटते म्हणायचे. हेडची जागा रिकामी झाली तेव्हा तिच्याहून कितीतरी लहान माणसाला दिली. मी तणतणले. तिला म्हटलं, "अगं, भांड जरा! हक्क आहे तुझा." तर म्हणते, "त्या खुर्चीवरून उठता येत नाही गं. मला उठायला आवडतं." आणि खरंच, उठल्यावरची कुंदा बघायला हवी होती. बाजारातून जाताना कोळणीशी हुज्जत, ओळखीच्या प्रत्येकाची विचारपूस, उसाचा रस पिताना डोळे मिटून घेणं... आणि समोरचा बोलत असला की त्याच्या डोळ्यांत बघणं. तोंडात नाही. हे तिने ठरवून शिकून घेतलं होतं आणि मला ते दर वेळी दिसायचं.

अनघावर मात्र हे चालेना. अनघा पवईला एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. हुशार मुलगी, आईसारखीच हाताला आणि जिभेला वेगवान. घरून काम सुरू झाल्यापासून जेवणाच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा तो उघडाच. आमटीच्या वाटीशेजारी लॅपटॉप, नाश्त्याला लॅपटॉप, आजारी पडली तर पांघरुणात लॅपटॉप. कुंदा तिला सांगून थकली. "आई, माझ्या कामावर वाटी बसत नाही," म्हणून अनघा हसायची. मग एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते, तर कुंदाने कपाटातून डबल बेडची चादर काढली आणि लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली सगळ्यासकट पूर्ण टेबलावर पसरली. मिटिंग चालू होती! चादरीखालून कुणीतरी "अनघा, आवाज येतोय का?" विचारतंय आणि ही वरून सांगतेय, "येतोय हो, पण ती उठली आता!" अनघा इतकी संतापली की आठवडाभर आईशी बोलली नाही. पण चादर टेबलाजवळच्या खुर्चीवर घडी घालून ठेवलेली मी नंतर कितीदा तरी पाहिली.

तर शोकसभेनंतर मी कांजूरला अनघाकडे गेले. वारा उलटा होता, कचराभूमीचा वास येत होता, म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या होत्या. टेबलावर लॅपटॉप उघडा. मी सरळच विचारलं, "तू त्या पुरस्काराला हो म्हणालीस?"

"मावशी, सर एवढ्या प्रेमाने म्हणाले. आणि आईचं नाव राहील ना."

"नाव राहील गं. बाई जाईल." मला आवाज आवरता आला नाही. "तुझ्या आईने आयुष्यभर ज्याला नाही म्हटलं त्याच्यावर तिचं नाव कोरणार? उद्या प्रज्ञासारखी एखादी पोरगी जागेवरून उठायला लागली की सर तिला कुंदाचं नाव घेऊन खाली बसवणार. कुंदाचं! तुला चालेल?"

लॅपटॉपवर टुंग टुंग आवाज होत होते. अनघा तिकडे बघेना आणि बंदही करेना. मग म्हणाली, "पण लोक काय म्हणतील? ती कामात कमी होती म्हणून तिच्या नावाला मुलीनेच नाही म्हटलं?" मी म्हटलं, "लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तू काय म्हणतेस?" मी उठले, दरवाज्यापर्यंत आले, तेव्हा ती म्हणाली, "उद्या मी येते लॅबमध्ये. तू थांब तिथे."

आली. दुपारची वेळ, सगळ्या मुली जागेवर. सर केबिनबाहेर आले, तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, चषक कसा ठरवलाय ते सांगायला लागले. अनघा बसली नाही. "सर, आईचं नाव देऊ नका," म्हणाली. सरांना कळेचना. त्यांना वाटलं रक्कम कमी वाटतेय, हार-तुरे कमी वाटतायत. मग त्यांना खरोखर वाईट वाटलं. "अगं, मी तिचा मान करतोय. तिने ह्या लॅबला किती तास दिलेत तुला कल्पना नाही."

"मला आहे कल्पना," अनघा म्हणाली. "मी लहान होते तेव्हा सगळेच तास तुमच्याकडे होते. मग आजोबा गेले. त्यानंतर आई घरी यायची ती पूर्ण यायची. मी शाळेतलं काहीही बडबडत असायचे, तेच तेच, आणि ती पोळी लाटायची थांबून ऐकायची. माझ्या मैत्रिणींच्या आयांना आपल्या मुलीचा वर्ग कुठला तेही आठवायचं नाही. माझ्या आईला माझ्या बाकावर कोण बसतं, तिचं कुणाशी भांडण झालंय, सगळं पाठ होतं. ती तुमच्याशी भांडून ते तास माझ्यासाठी घेऊन यायची. आता ते तुम्ही तुमच्या खात्यात दाखवताय. ते माझे आहेत, सर. मी देणार नाही."

लॅबमध्ये मशीनचा आवाज बंद झाला होता. कुणी बंद केली कुणास ठाऊक. सर खाली बघत चष्मा पुसत राहिले. वाईट माणूस नाही तो, हे मी आजही म्हणते. स्वतः तो माणूस रोज अंधार पडेपर्यंत केबिनमध्ये बसतो, घरी जाऊन काय करायचं ते त्याला माहीत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी बसावं असं त्याला वाटतं. शेवटी म्हणाले, "बरं. नाव काढतो. बक्षीस मात्र राहील, लॅब माझी आहे." मी म्हटलं, "लॅब तुमचीच आहे हो, ती कोण मागतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, चला, आता आपली पण पाळी. पण ते नुसतेच केबिनमध्ये गेले. अनघा जिन्यात माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. शोकसभेत रडली नव्हती इतकी. तिचा फोन पर्समध्ये वाजत होता. वाजून वाजून आपोआप थांबला.

वर्धापनदिन झाला. समोसे, केक, फुगे, सगळं साग्रसंगीत. पुरस्कार नुसताच 'कार्यनिष्ठा पुरस्कार', आणि तो मिळाला प्रज्ञाला. मिळणारच. नवीन मुलगी, घाबरट, आपण आधी उठलो तर सर काय म्हणतील म्हणून रोज सगळ्यांच्या नंतर निघायची. भला मोठा सोनेरी चषक, दोन बाजूंना दोन कान. मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. पोरीने कष्ट केलेत, त्यात तिचा काय दोष? घरी येताना मात्र तोंडाची चव गेली होती. मनात म्हटलं, कुंदा, नाव वाचवलं तुझं, पण पोरगी काही वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माझं टेबल पुसत होते. सर केबिनमधून नव्या कामाची एक डबी घेऊन बाहेर आले आणि सरळ प्रज्ञाकडे गेले. "प्रज्ञा, डॉक्टर थांबलेत, एवढं जरा आजच..." प्रज्ञा उभी होती. तिचा दिवा विझलेला होता. ब्रश धुऊन आडवे ठेवलेले होते. तिने सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही खूण केली नाही, देवाशपथ. तिने खिडकीतला तो चषक उचलला, आतले चमकीचे कागद फुंकून उडवले आणि समोरच्या कामावर पालथा घातला. दोन कान दोन बाजूंना, बुड वर. त्याच्यावर तळहात ठेवला.

"उद्या उजव्या दाढेपासून," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

सर चषकाकडे बघत राहिले. "हे काय आहे, प्रज्ञा?"

"सर, मापाचा आहे," प्रज्ञा म्हणाली. "वाटीत एकच जबडा मावतो. यात वरचा-खालचा दोन्ही मावतात."